रंग शून्यावर

धान पिकला का, हे बघायला आमच्या घरातून मला कोणी पाठवत नाही. बत्तीस हंगाम झाले.

दिवाळी आटोपली की करडी या आमच्या गावच्या शिवारातून आधी ओल सोडणाऱ्या मातीचा वास येतो, मग वाळत्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा. मी मोहाडीला राहतो. धर्मकाट्यावर वजनाच्या चिठ्ठ्या लिहितो. ट्रॉली काट्यावर चढली की पोत्याच्या तोंडाशी नाक नेऊन सांगू शकतो, हा धान चार दिवस घाईनं कापला की चार दिवस उशिरा. कानांनाही कळतं. पिकलेला धान वाऱ्यात खुळखुळतो, कच्चा नुसता सळसळतो. रंग तेवढा कळत नाही. हिरवा आणि पिवळा यांच्यामध्ये बाकीच्यांना जी रेष आखलेली दिसते, ती माझ्या डोळ्यांत आखायची राहून गेली आहे. आणि आमच्याकडे धानाचा सगळा निवाडा एकाच शब्दावर होतो: 'पिवरा झाला.' आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो. काळा तो कारा, डोळा तो डोरा, पिवळा तो पिवरा. पिवरा झाला म्हटलं की विळे निघतात.

एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी मला वरची बांधी बघायला पाठवलं. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, अडवलेला धानाचा तुकडा. त्या बांधीत हलका धान होता, लवकर येणारा. मी धुऱ्यावर उभा राहिलो. समोरचं सगळं मला एकाच रंगाचं दिसत होतं, आणि मी समजलो की एकच रंग दिसतो म्हणजे तो पिवळाच. घरी येऊन छातीठोकपणे सांगितलं, "पिवरा झाला."

दुसऱ्या सकाळी चौदा बाया विळे घेऊन आल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात वडील बाईनं एक लोंब ओढली, दाणा नखाखाली दाबला. पांढरं दूध तिच्या अंगठ्यावर आलं.

"अव माय! ह्या त अजून दूध पिऊन राह्यला!" ती म्हणाली, आणि तेराही जणी हसल्या.

बाया दुसऱ्याच्या बांधीत निघून गेल्या आणि महिनाभर परत मिळाल्या नाहीत. तोवर धान पिकून झडला. बाबा त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "डोरे हायेत का बटन?" माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, त्यानं तिथल्या तिथे माझं नाव ठेवलं. हिरव्या. बाजारात गेलो की पोरं विचारायची, "काय रे हिरव्या, टमाटर पिकले का?" बाबा गेले, बाया म्हाताऱ्या झाल्या, नाव तेवढं टिकलं. त्या हंगामापासून बांधी बघायला दादा जातो. मी गेलो तरी मागे मागे, पिशवी धरून.

त्याच हिवाळ्यात आईनं मला जवाहरनगरला मामाकडे पाठवलं. मामा तिथल्या कारखान्याच्या वसाहतीत एका मेसमध्ये स्वयंपाकी होता. त्यानं मला भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. रंगीत ठिपके, आणि त्यांत दडवलेला आकडा. आकड्यांशी माझं कधीच वाकडं नव्हतं. बाविसाचा पाढा मी झोपेत म्हणत असे. पण त्या पुस्तकात पानामागून पान उलटत गेलं आणि मला काही दिसेना. मग शेवटाकडे एक पान आलं आणि मी म्हणालो, "पंचेचाळीस."

डॉक्टर मामाकडे वळले. "तुम्हाला दिसतात?"

मामा गप्प राहिला.

"नाही ना? मलाही दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "हे पान फक्त याच्यासारख्यांनाच वाचता येतं."

मामा का गप्प राहिला, ते मला दोन दिवसांनी कळलं. पण ते पंचेचाळीस मी त्या दिवसापासून खिशात ठेवले आहेत. जगाच्या पुस्तकात एक तरी पान असं आहे, जे बाकीच्यांना कोरं दिसतं.

रविवारी दुपारी मामा मला वसाहतीतल्या हॉलमध्ये सिनेमाला घेऊन गेला. खिडक्यांवर काळी कापडं ठोकली होती, तरी फटींतून उन्हाच्या चार पट्ट्या आत येत होत्या आणि त्यांत धूळ फिरत होती. सिनेमा गोऱ्या लोकांचा होता. त्यांच्या मोठ्या लढाईत पकडलेल्या सैनिकांची छावणी. नाव लक्षात नाही, भाषा मला समजत नव्हती. पुढच्या रांगेतला एक गडी सुरुवातीलाच पुटपुटला, "धत्, कारा-पांढरा हाय!" आणि उठून गेला. तो उठला म्हणून मला नीट दिसू लागलं.

पहिलंच दृश्य: पडद्याचा खालचा एक हिस्सा जमीन, वरचे दोन हिस्से आभाळ. जमिनीवर बर्फ. बर्फ मी तेव्हा पाहिला नव्हता आणि अजूनही पाहिलेला नाही, पण तो पांढरा कोऱ्या कागदासारखा होता, आणि त्यावर काटेरी तारांच्या सहा ओळी. शाळेच्या वहीसारख्या. त्या वहीच्या अगदी तळाशी, अक्षरं लिहावीत तशी माणसं उभी. कॅमेरा बराच वेळ हलला नाही. संगीत नाही. फक्त बुटांखाली बर्फ करकरण्याचा आवाज.

मग मोजणी. त्या छावणीत रोज सकाळी कैद्यांची मोजणी होते, पाच-पाचांच्या रांगा करून. मी लगेच मोजायला लागलो. अकरा रांगा पाचाच्या, शेवटची चाराची. एकोणसाठ. ऊन त्यांच्या पाठीमागून येत होतं. त्यामुळे चेहरे काळे, आणि प्रत्येक तोंडातून निघालेली वाफ पांढरी. एकोणसाठ वाफा. माणूस ओळखू येत नव्हता, त्याचा श्वास तेवढा दिसत होता. रंग असता तर मी कोणाचे केस तांबडे, कोणाचा गळपट्टा हिरवा, याच्या धास्तीत पडलो असतो. मला कोणीतरी विचारेल म्हणून. इथे विचारायला काही उरलंच नव्हतं. हॉलमध्ये दोनशे माणसं होती, आणि जन्मात पहिल्यांदा त्या दोनशेंना जे दिसत होतं, तेच मला दिसत होतं. तसूभर कमी नाही.

बराकीच्या आत एकच दिवा. फळ्यांच्या भिंतीतून उजेड यायचा तो पट्ट्यापट्ट्यांनी, आणि झोपलेल्या माणसांच्या तोंडावर काळे-पांढरे पट्टे पडायचे. तुरुंगाचे कपडे त्यांना कोणी दिले नव्हते, उजेडानं दिले होते. टेहळणीच्या मचाणावरचा मोठा दिवा मैदानावरून फिरायचा. तो जिथे पडेल तिथे बर्फ जळल्यासारखा पांढरा, आणि तो सरकला की त्याच जागी विहिरीसारखा काळोख. पहारेकरी आणि कैदी, दोघांचे चेहरे सारखेच राखेचे. कोण आपला आणि कोण शत्रू, हे कपड्याच्या रंगावरून ठरवायची सोय सिनेमावाल्यानं ठेवलीच नव्हती. कोणाच्या डोळ्यांपर्यंत उजेड पोचतो आणि कोणाची टोपी तो अडवते, एवढ्यावरून ठरवायचं. काळा आणि पांढरा यांच्यामध्ये मी त्या दुपारी सात राखाडी मोजले. आठवा होता की नाही, याबद्दल आजही खात्री देत नाही.

आणि मग तो कोटाचा प्रसंग. संध्याकाळ. दोन पहारेकरी आपल्याकडे पाठ करून फाटकाकडे चालले आहेत. वर एक दिवा टांगलेला. डावीकडच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर त्या दिव्याची बारीक रेघ होती, विळ्याच्या पात्यावर असते तशी. उजवीकडच्याच्या खांद्यावर ती नव्हती. त्याचा कोट उजेड पडला की गिळून टाकत होता, ओल्या पोत्यासारखा. एक कोट शिवून घेतलेला होता, दुसरा घोंगडीतून कापलेला.

मी मोठ्यानं म्हणालो, "उजवीकडचा खोटा हाय!"

"चूप बे!" मागून आवाज आला.

मी मनात आकडे मोजत होतो. चाळीस झाले. दिव्याखाली उजवीकडच्या माणसानं मान वळवली, आणि तो कैदी निघाला. हॉलमधून एकदम "अरेच्च्या!" उठलं. पुढचा माणूस वळून म्हणाला, "तुले कसा समजला बे? आदी पाह्यला होतास का पिच्चर?"

बाहेर आलो तर कार्तिकातलं ऊन. रस्त्यावरच्या भाज्या, सायकली, बायांची लुगडी, सगळं पुन्हा माझ्या विरुद्ध उभं राहिलं. मामा मला गर्दीतून बाजूला घेऊन चालू लागला. मग म्हणाला, "तो घोंगडीवाला मलेही दिसला."

"मंग बोलला काहून नाही?"

"ते पंचेचाळीस पण दिसले होते मले."

मी थांबलो. मामा चालतच राहिला.

"कांदा लाल झाला का, हे मी नाकानं पाहतो, भाचा. वीस वर्षं झाली. कोनाले मालूम नाही. तुया मामीलेही नाही. तूही सांगू नोको कोनाले. लोक हासतात."

मामावर माझा जीव होता. त्याच्या हातची वांग्याची भाजी अजून जिभेवर आहे. पण त्याचा हा एक सल्ला मी मानला नाही. लोक हसून मोकळे झालेच होते, आणखी किती हसणार? मी सांगत सुटलो. मुलगी बघायला गेलो तेव्हा चहाचा कप खाली ठेवायच्या आधी सांगितलं. ती आतून म्हणाली, "मंग लुगड्याचा रंग मीच पाहीन, भांडणच मिटलं." तिच्याशीच लग्न केलं.

या दिवाळीत आमची मुलगी चेतना घरी आली होती. नागपूरला शिकते. तिला या सिनेमाची गोष्ट लहानपणापासून माहीत आहे, आणि तिनं कुठून तरी तो शोधून काढला. "बाबा, नवा केलाय त्यांनी. पूर्ण रंगीत!" तिचा आनंद मला मोडवेना. दुपारी सगळे टीव्हीसमोर बसलो.

पहिलंच दृश्य आलं आणि माझी वही पुसलेली होती. आभाळाला काहीतरी रंग होता, बर्फालाही सावलीत कसला तरी रंग होता, म्हणे निळसर. चेहरे मेणाच्या फळांसारखे. वाफ होती, पण गालांच्या रंगापुढे तिच्याकडे लक्ष जाईना. ज्यानं हे रंग भरले, त्यानं मेहनत केली असेल. माझी तक्रार मेहनतीबद्दल नाही. पण मूळ माणसानं उजेडाचा जो हिशेब मांडला होता, त्यावर यानं शाई सांडली. रंग नव्हते म्हणून तो सिनेमा गरीब नव्हता. काय दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं, एवढंच.

कोटाचा प्रसंग आला. दोघं पाठमोरे निघाले. मी पुढे सरकून बसलो. आणि पहिल्याच क्षणी माझी बायको म्हणाली, "हा उजवीकडचा त खोटा हाय."

"कशावरून?"

"अहो, याचा कोट चॉकलेटी हाय, त्याचा हिरवा. लहान पोरालेही समजन."

मला दोन्ही कोट एकसारखे, गढूळ दिसत होते. खांद्यावरची रेघ रंगाखाली बुडाली होती. अख्ख्या आयुष्यात एका जागी मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. आता तिथेही मी शेवटचा.

"चेतना," मी म्हणालो, "या टीव्हीतला रंग काढता येते का?"

"पूर्ण?"

"पूर्ण. शून्यावर आण."

तिनं रिमोटवर कायकाय दाबलं. पन्नास, तीस, दहा, शून्य. सिनेमा मागे नेला. पुन्हा दोघं निघाले, आणि डावीकडच्याच्या खांद्यावर रेघ उमटली. जुन्या प्रतीइतकी धारदार नाही, पण होती.

"आता सांग, खोटा कोणता?" मी बायकोला विचारलं.

ती डोळे बारीक करून बघत राहिली. "आता त दोन्ही सारखेच दिसून राह्यले."

"हो ना," मी म्हणालो. पण त्या संध्याकाळी दोन वाट्या दूधपाक जास्त खाल्ला, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी करडीला गेलो. चेतनाही आली. दादानं हार्वेस्टर ठरवला होता. सकाळी दादाच्या वाटणीच्या वरच्या दोन बांध्या, दुपारनंतर खालच्या दोन. खालच्या दोन बांध्या माझ्या नावावर आहेत. त्यांत भारी धान होता, उशिरा येणारा. वर्षाचा तांदूळ त्यातूनच घरी येतो, चेतनाच्या खोलीवरही तोच जातो.

वरच्या बांध्या झाल्या तेव्हा चार वाजून गेले होते. ऊन तिरपं झालं होतं. मी मधल्या धुऱ्यावर उभा होतो. एका हाताला शेजाऱ्याची उभी बांधी, एका हाताला माझी. शेजाऱ्याच्या धानात वाकलेल्या प्रत्येक लोंबीच्या पाठीवर उजेडाची बारीक रेघ होती. हजारो रेघा, एका दिशेनं. माझ्या बांधीत रेघ नव्हती. लोंब्या अर्ध्या ताठ, पानं पुढे आलेली, आणि सगळा उजेड आत गिळलेला. घोंगडी.

मी मशीनच्या पुढे जाऊन हात आडवा केला.

"थांबा. ही नाही कापायची."

ड्रायव्हरनं दादाकडे पाहिलं. दादा पंचा झटकत आला. "काहून रे?"

"कच्चा हाय, दादा."

दादा हसला. हसताना त्यानं आजूबाजूला कोण आहे तेही पाहिलं. "हिरव्या, तू मले धानाचा रंग शिकवतं का? पिवराजर्द होऊन राह्यला. अख्ख्या गावाले दिसते."

"दिसत असन. पानं करप्यानं पिवरी झाली असतीन. लोंब पिकली नाही."

"मशीन गेली त आठ दिवस येत नाही. झडन धान. मागच्या खेपेले काय झालं, मालूम हाय ना?"

मागची खेप म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वीची. आमच्या घरात काळ असा मोजतात.

खोटं कशाला सांगू, तोट्याचा हिशेब मनात मांडून झाला होता. माझा अंदाज चुकला तर वर्षाचा तांदूळ मातीत, आणि पुढची बत्तीस वर्षं तेच नाव. पण मी हात खाली घेतला नाही. "बांधी माझी हाय," मी म्हणालो. "झडला त माझा झडन. आज विळा लागणार नाही आणि मशीनही लागणार नाही."

चेतना धुऱ्यावर येऊन उभी राहिली होती. तिनं मोबाइल काढला, दोन्ही बांध्या एका फोटोत घेतल्या, बोटानं रंग शून्यावर नेला आणि दादाच्या हातात दिला. "मोठे बाबा, हे पाहा. इकडे रेघा दिसतात. इकडे आहेत का?"

दादानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. रंग गेल्यावर पिवराजर्दही गेला होता. एका बाजूला विंचरल्यासारखा धान, दुसऱ्या बाजूला सपाट राख. मोबाइल परत देऊन तो खाली बांधीत उतरला. मीही उतरलो. दहा ठिकाणच्या दहा लोंब्या घेतल्या, धुऱ्यावर बसून शंभर दाणे सोलले. एकतीस दाणे कट् असा आवाज न करता दाताखाली चेपले, म्हणजे कच्चे. नीट सांगायचं तर वरच्या कोपऱ्यातल्या दोन लोंब्या पूर्ण पिकलेल्या निघाल्या. त्या मलाही दुरून कळल्या नव्हत्या. तेही मी दादाला सांगितलं.

दादानं एक दाणा स्वतः चावला. तोंडातला थुंकला. ड्रायव्हरला म्हणाला, "जाय बाबू तू. दुसऱ्याचं पाह्य." आणि माझ्याकडे न बघता गावाकडे चालू लागला.

त्या रात्री मी शांत झोपलो असं लिहिणार नाही. वारा सुटला की धान झडतो की काय, म्हणून कान करडीकडे लागत. आठ दिवस काट्यावर दुसऱ्यांचा धान मोजला. सुकलेला, ओला, घाईचा, उशिराचा. प्रत्येक ट्रॉलीला मला विचारावंसं वाटे, तुझ्या मालकाला तू कोणत्या उजेडात दिसलास?

मामा आता नाही. असता तर त्याला तो फोटो दाखवला असता, आणि सांगितलं असतं की लोक हसतात हे खरंच आहे, पण हसून झाल्यावर त्यांना बघावंही लागतं. आपल्याला रंग कमी दिसतो, मान्य. पण जे दिसतं, त्याची लाज कशाला? सिनेमातल्या त्या एकोणसाठ जणांना कोणी रंग दिला नव्हता. त्यांची वाफ तरी पांढरी होती, आणि ती थांबवणं पहारेकऱ्यांच्या हातात नव्हतं.

काल सकाळी दादाचा फोन आला. आधी काट्यावरच्या गर्दीची चौकशी, मग थंडी किती पडली, मग चेतना पोचली का.

"मशीनवाला विचारून राह्यला," तो म्हणाला. "तू येऊन पाहून जाय ना एकदा. पिकला का नाही, सांग."

"येतो."

"सकाळी ये मंग. नऊ वाजता."

"सकाळी नाही, दादा," मी म्हणालो. "चार वाजता येतो. ऊन तिरपं पाहिजे."